सगळ्यांचे हात वर असताना आपला खाली ठेवायचा कसा?

दुधनाकाठ (धागाकर्ती)

मी परभणी जिल्ह्यात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. आज्ञापालनाचा धडा आला की मुलं एकच आकडा पाठ करतात: ६५ टक्के. अमेरिकेतलं येल विद्यापीठ, साल १९६१. स्टॅनली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं बोलावली. त्यात टपाल कारकून होते, शिक्षक होते, विक्रेते होते, मजूर होते. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की बटण दाबून विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे, एवढंच काम. ३०० व्होल्टला तो माणूस भिंत बडवतो, पुढे उत्तरं देणंच थांबवतो. तरी खोलीत बसलेला प्रयोग घेणारा ‘पुढे चला’ असा हुकूम देत राहिला, आणि ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. झटके खोटे होते आणि पलीकडचा माणूस ठरवून बसवलेला होता, पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात, आणि मुलं ‘माणूस मुळातच आज्ञाधारक’ असं लिहून मोकळी होतात. मला हे फार खटकतं, कारण मिलग्रामचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. त्याने तोच प्रयोग मांडणी बदलून बदलून केला. झटका खाणाऱ्याला त्याच खोलीत बसवलं, तर शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर दाबायला सांगितला, तर ३० टक्के. हुकूम देणारा खोलीतून उठून गेला आणि फोनवरून सांगू लागला, तर २० टक्क्यांच्या आसपास. त्यातही काहींनी फोनवर ‘हो, वाढवले’ म्हणत प्रत्यक्षात कमीच व्होल्ट दिले. आणि शेजारी ठरवून बसवलेल्या दोघा साथीदारांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून हात काढून घेतले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटाला पोचले.

माणसं त्याच गावची, त्याच जाहिरातीने आलेली. ६५ वरून १० वर येताना त्यांचा स्वभाव काही बदलला नव्हता. बदललं होतं ते शेजारी कोण बसलंय, हुकूम देणारा किती जवळ आहे आणि ज्याला दुखतंय तो दिसतो का, एवढंच.

सॉलोमन ॲशच्या प्रयोगात हुकूम देणारा तर कोणीच नव्हता. हे काम त्याच्या आधीच्या दशकातलं, १९५० च्या सुमाराचं. तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. फरक इतका ढळढळीत की एकट्याला विचारलं तर चूक जवळजवळ होतच नाही. पण आधीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात, आणि खऱ्या माणसाची पाळी शेवटी किंवा शेवटाकडे येते. साधारण चारातले तीन जण निदान एकदा तरी गर्दीच्या मागे गेले. मात्र गर्दीतल्या एकानेच बरोबर उत्तर द्यायचं ठरवलं, की खऱ्या माणसाची जीभ सुटायची. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तर चुका फारच कमी व्हायच्या. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं बरोबरच. अडत होतं ते चारचौघांत बोलायला.

आता आपल्याकडची ग्रामसभा डोळ्यांपुढे आणा. ग्रामसेवक ठराव वाचतात. वाचता वाचता मान वर करून विचारतात, ‘मंजूर?’ पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ येतं. सूचक, अनुमोदक यांची नावं आधीच ठरलेली असतात. रजिस्टर फिरतं, मागे पारापाशी उभे असलेलेही सही करतात. बायका मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या असतात, त्यांच्याकडे रजिस्टर जातं तेव्हा ठरावाचा विषय पुढे सरकलेला असतो. विरोध असणारे किती होते हे त्या कागदावरून कधीच कळत नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं, विरोध आपल्या एकट्याचाच आहे.

मला इथल्या सगळ्यांकडून हे हवंय: तुमच्या घरात, दवाखान्यात, कचेरीत, गावात कोणी नकार दिला असेल, तर त्याच्या शेजारी कोण होतं? तो बोलू शकला ते कशामुळे? ‘तो स्वभावानेच खंबीर’ याच्या पुढे जाऊन सांगा.

---

रात्रपाळी

ताई, मी लातूरला नर्स आहे. आमच्या क्षेत्रातला एक प्रयोग तुमच्या यादीत हवाच. १९६६ साली अमेरिकेत हॉफलिंग नावाच्या डॉक्टरांनी केलेला. रात्री वॉर्डात फोन येतो, अनोळखी डॉक्टर सांगतो, अमुक पेशंटला अमुक औषधाचे २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवरून औषध देणं नियमाविरुद्ध. तरी २२ पैकी २१ नर्सेस औषध काढून द्यायला निघाल्या. वाटेत त्यांना थांबवलं गेलं. आणि दुसऱ्या नर्सेसना नुसतं विचारलं होतं की असं झालं तर काय कराल, तेव्हा जवळपास सगळ्यांनी ‘देणार नाही’ म्हटलं होतं.

मला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. रात्री अडीचला वॉर्डात तीस पेशंट, आपण एकट्या आणि फोनवर साहेब चिडलेले. ‘सिस्टर, द्या म्हटलं ना.’ पहिल्या नोकरीत मी एकदा डोस परत विचारला म्हणून सगळ्यांसमोर मला ‘डॉक्टर व्हायचं होतं का’ असं ऐकावं लागलं. त्यानंतर कित्येक महिने मी काही विचारलं नाही. पेशंटच्या जिवाशी खेळ होता तो.

पण १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी असाच प्रयोग पुन्हा केला. औषध नर्सेसच्या ओळखीचं ठेवलं, आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलायला मोकळीक होती. तेव्हा १८ पैकी दोघीच डोस द्यायला तयार झाल्या. हे वाचून मला फार बरं वाटलं. आता मी जिथे आहे तिथे फोनवरची ऑर्डर आली की आम्ही ती मोठ्याने परत म्हणून दाखवतो, केसपेपरवर वेळ घालून लिहितो आणि दुसऱ्या सिस्टरला ऐकवतो. डोस मोठ्याने म्हणताना साहेबांनाच आपली चूक ऐकू येते, हे मी स्वतः पाहिलंय. त्यात कोणी कोणाला विरोध केला असं होत नाही, आणि पेशंट वाचतो. नव्या मुलींना मी हेच शिकवते.

---

तर्कवाट

मूळ लेखाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण मिलग्रामवर इतका भार टाकताना थोडं जपून. लेखिका जिना पेरी यांनी येलमधली कागदपत्रं आणि ध्वनिफिती तपासून दाखवलंय की हुकूम देणारा ठरलेल्या वाक्यांवर थांबत नव्हता, बरीच ओढाताण करत होता. आणि झटके खोटे असावेत अशी शंकाही अनेकांना होती. स्टॅनफर्डचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात काही तरुणांना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवलं होतं, तो तर त्याहून डळमळीत आहे. पहारेकऱ्यांनी कसं वागावं हे त्यांना बरंच सुचवलं गेलं होतं, हे आता उघड झालंय. तो कृपा करून वर्गात पुरावा म्हणून शिकवू नका.

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. मिलग्रामच्या प्रयोगात कचरणाऱ्याला सांगायची चार वाक्यं ठरलेली होती. पहिलं साधं, ‘कृपया पुढे चला’. दुसरं, ‘प्रयोगासाठी पुढे जाणं गरजेचं आहे’. चौथं सरळ हुकमाचं, ‘तुम्हाला दुसरा मार्ग नाही, पुढे जावंच लागेल’. मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी हा प्रयोग १५० व्होल्टपर्यंतच नेऊन पुन्हा केला. २००९ साली तो छापून आला. तिथे न थांबता पुढे जायला तयार असलेले ७० टक्के निघाले. पण ज्यांच्यावर चौथं वाक्य वापरायची वेळ आली, त्यातला एकही पुढे गेला नाही. हुकूम उघडा पडला की माणूस उलटतो.

स्टीफन रायशर आणि ॲलेक्स हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं यावरच उभं आहे. माणसं हुकमाला भिऊन पुढे जात नाहीत, त्यांना वाटतं आपण विज्ञानासाठी काहीतरी चांगलं करतोय. ज्याने सांगितलं तो आपल्यातला आणि काम मोलाचं, अशी खात्री पटली की पुढच्या माणसाचं दुखणं मागे पडतं.

---

दुधनाकाठ

तर्कवाट, हा मुद्दा आणलात ते उत्तम झालं, आणि मला तो आपल्याकडे पदोपदी दिसतो. ‘मी सांगतो म्हणून कर’ असं गावात फारसं कोणी म्हणत नाही. म्हणतात, ‘गावाच्या भल्यासाठी’, ‘समाजाचं नाव राहावं म्हणून’, ‘भावकीत फूट नको’. वर्गणी असो, जमिनीची वाटणी असो, मुलीचं लग्न ठरवणं असो. अशा वाक्याला नाही म्हटलं की तुम्ही त्या माणसाला नाही, अख्ख्या गावाला नाही म्हटल्यासारखं होतं. नकार देणाऱ्याला म्हणून दुसरं ‘आपलं’ कोणीतरी लागतं, ज्याच्या बाजूने उभं राहून तो नाही म्हणेल. मिलग्रामच्या त्या दोघा शेजाऱ्यांनी बहुधा हेच दिलं.

---

बालाघाटी

मॅडम, समदं वाचलं. हुशार लोकं बोलायलेत, पण मी जरा आडवा बोलतो. आमच्या भागात मानसशास्त्र नंतर येतं, आधी येती ऊसतोडीची उचल. दसरा-दिवाळीच्या तोंडाला मुकादम आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते पैसे लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात जातात. मग पाच-सहा महिने फडात. पहाटे अंधारात तोडायला सुरुवात, आणि गाडी रातच्याला आली तर रातच्याला भरायची. एक दिवस नाही गेलं तर खाडा, म्हणजे दंड, उचलीतून वळता. अशा माणसाला तुम्ही इचारता की तू मुकादमाला नाही का म्हणला नाहीस? त्यानं नाही म्हणायची सोय आधीच इकलेली असती.

आमच्या बीडच्या बायांच्या गर्भपिशव्यांचं २०१९ ला सगळीकडं गाजलं. नीलम गोऱ्हेंची समिती आली होती. ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीच्या बाया होत्या. डॉक्टर म्हणतो कॅन्सर व्हईल. घरची म्हणतात काढून टाक, दुखणं जाईल, खाडा बी वाचल. शेजारणीनं काढलेली, जावंनं काढलेली. माझ्या मावशीनं काढली तव्हा तिला कुणी धरून नव्हतं नेलं. ती सवताच्या पायानं गेली. हुकूम कुणाचा म्हणावा? डॉक्टरचा, का फडाचा, का वस्तीतल्या बायांचा?

---

रात्रपाळी

भाऊ, तुमच्या मावशीचं वाचून गलबलून आलं. एक सांगते, तो निर्णय एकाच डॉक्टरच्या शब्दावर होऊ नये म्हणून पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. तिथे खरं तर दुसरं मत मिळालं पाहिजे. कोणत्याही बाईला पिशवी काढायला सांगितली तर तिने सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नये, आणि सोबत अशी बाई न्यावी जिची पिशवी काढलेली नाही. सोबतीण फार महत्त्वाची. काढलेल्या चौघींमध्ये बसून पाचवी नाही म्हणू शकत नाही.

---

दुधनाकाठ

बालाघाटी, तुम्ही आडवं नाही, मुळावर बोट ठेवून बोललात. नकाराची किंमत ज्याला परवडत नाही त्याला धैर्याचे पाठ देणं हा अन्यायच आहे. मिलग्रामकडे आलेल्यांना पैसे आधीच देऊन टाकलेले होते आणि उठून गेलात तरी ते तुमचेच, असं सांगितलेलं होतं. ते मोकळे होते, तरी बसून राहिले. तुमच्या मावशी मोकळ्या नव्हत्या. हा फरक मी आता वर्गात सांगणार आहे, आणि उचलीचं उदाहरण घेऊनच सांगणार आहे. माझ्या समोरच्या बाकांवर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाऊन आलेल्या मुली बसतात.

तरीही तुमचा शेवटचा प्रश्न मनातून जात नाही. पैशाची अडचण एका घराला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेते. पण शेजारीण, जाऊ, नणंद सगळ्यांनी तेच केलेलं असलं की ते ‘असंच असतं’ होऊन बसतं, आणि विचारायचंच राहून जातं. दोन्ही एकत्र चालतात.

---

तेरणाकाठचा

धाराशिव. आमच्याकडचा अनुभव विधवांच्या बाबतीतला आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गावातही ठराव झाला. पुढे एका तरुण मुलाचं अपघातात निधन झालं, आणि स्मशानातून माणसं परतायच्या आत आतल्या खोलीत सगळं उरकलं होतं. करणाऱ्या दोन म्हाताऱ्या, दोघी स्वतः विधवा.

नंतर माझ्या आईने त्यातल्या एकीला विचारलं, का केलंत? ती म्हणाली, ‘मला तर नको वाटत होतं गं. माझ्या वेळचं मनगट अजून आठवतं. पण सगळ्या बसल्या होत्या, नाही केलं असतं तर पोरीच्या सासूला बोल लागला असता.’ सासू दुसरीकडे सांगत होती की मी थांबवणार होते, पण जुन्या बायकांना राग आला असता. मग नको नक्की कोणाला होतं, आणि हवं कोणाला होतं?

---

दुधनाकाठ

हवं कोणालाच नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. याच गोष्टीचा अभ्यास डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात केला होता, १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. तिथल्या विद्यार्थ्यांना स्वतःला दारूच्या अतिरेकाबद्दल अवघडलेपण होतं, पण इतर सगळे मजेत आहेत असं प्रत्येकजण धरून चालला होता. कारण उघडपणे सगळे तसंच वागत होते. रूढी टिकते ती त्यावर श्रद्धा असलेल्यांमुळे, असं आपण मानतो. पुष्कळदा ती टिकते एकमेकांबद्दलच्या चुकीच्या अंदाजावर.

चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची प्रथा शेकडो वर्षं चालली आणि मग एका-दोन पिढ्यांत मोडली. जेरी मॅकी यांनी तिचा अभ्यास करून दाखवलं की एकट्या घराने पाय मोकळे ठेवले तर मुलीचं लग्न अडायचं. म्हणून आईबापांनी मंडळं काढली आणि सभासद होताना दोन वचनं दिली: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून आणणार नाही. दुसऱ्या वचनात सगळी ताकद होती. तुमच्या गावात ठराव झाला, पण तो पंचायतीच्या रजिस्टरात झाला. आतल्या खोलीत बसणाऱ्या त्या दहा-बारा जणींनी एकमेकींच्या तोंडून ‘माझ्या घरी नको’ हे कधी ऐकलं नव्हतं. महिलासभेत, बचत गटाच्या बैठकीत, घरात सगळे धडधाकट असताना हे बोलून ठेवायला हवं. प्रत्येक घरच्या सासूने सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे की आमच्याकडे असं झालं तर कोणी हात लावायचा नाही. प्रेत दारात असताना कोणाला सुधारक होता येत नाही.

---

खामनदी

इतिहासाचा विद्यार्थी आहे म्हणून एक भर. निजामाच्या राज्यात १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली, तेव्हा औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या मुलांनी ती मोडली. त्यांना काढून टाकलं गेलं. आपण त्यांच्या धाडसाबद्दल नेहमी बोलतो, ते योग्यच आहे. पण ते एकेकटे उठले नव्हते, आणि काढून टाकल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, हे कमी सांगितलं जातं. नकारानंतर जायला जागा होती. बालाघाटींच्या मुद्द्याशी हे जोडून पाहा. ज्याला जायला नागपूर नाही, तो काय करणार?

---

बालाघाटी

बराबर बोललात सर. आमच्याकडं नागपूर म्हणजे मनरेगाचं काम. गावात वेळेवर काम आन वेळेवर पैसे भेटले त्या वर्षी काही घरं टोळीत गेली नाहीत. मुकादम दारात येऊन बसला तरी नाही गेली.

---

मन्याड

नांदेड जिल्हा. ताई, मला ठोस मदत हवी आहे. आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं आम्ही बायकांनी मनावर घेतलंय. ग्रामसभेत विषय काढला तर पुढच्या रांगेत दुकानदाराची माणसं बसतात. ‘कोणाकोणाला बंद पाहिजे, हात वर करा’ म्हणतात आणि प्रत्येकीकडे वळून बघतात. मागच्या वेळी हात वर गेले ते इतके थोडे की आमचीच मान खाली गेली. घरी येऊन त्याच बायका रडतात.

---

दुधनाकाठ

मन्याडताई, हात वर करायला लावणं हाच त्यांचा डाव आहे. ॲशच्या खोलीत मोठ्याने उत्तर द्यायला लावलं होतं, तसंच हे. आपल्या राज्यात यासाठी वेगळी वाट आहे, ती धरा. गावातल्या निदान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. गावात नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. हातावर कोणाची नजर नाही.

दोन जागी घसरायला होतं. सह्या उघड असतात, म्हणजे दबाव तिथेच येणार. एकेकीच्या घरी एकटीने कागद नेऊ नका. बचत गटाच्या बैठकीत, आठ-दहा जणींनी एका दमात सह्या करा, आणि पहिल्या सह्या अशा बायकांच्या घ्या ज्यांचं गावात ऐकलं जातं: अंगणवाडीताई, आशाताई, एखादी जाणती आजी. पुढचीला कागदावर आधीची नावं दिसू देत. गर्दीचा दाब तुमच्या बाजूनेही चालतो.

दुसरं, बहुमत मोजतात ते यादीतल्या सगळ्या बायकांचं. मतदानाला न आलेली बाई उभ्या बाटलीच्या पारड्यातच जाते.

---

बालाघाटी

मन्याडताई, तुमच्याकडनं बी टोळ्या जात असतील तर तारखेकडं ध्यान ठेवा. दिवाळी ते होळी बाया गावात नसतात. दुकानदाराला हे पक्कं ठावं असतंय. मतदान टोळ्या घरी आल्यावर ठेवा, असं अर्जातच लिहून द्या, आन पोच घ्या.

---

मन्याड

आमच्या गावातून शंभराच्या वर बायका जातात, कर्नाटकातसुद्धा. हे डोक्यातच आलं नव्हतं. मतदार यादी काढून कोण कुठे आहे त्याच्या खुणा करायला उद्याच बसतो. सह्यांच्या पहिल्या नावांसाठी आमच्या गल्लीतल्या एका आजींना विचारलंय. त्या म्हणाल्या, मला सही येत नाही, अंगठा चालतो का?

---

दुधनाकाठ

चालतो. त्यांचाच पहिला घ्या, आणि अंगठ्याशेजारी त्यांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहा.